गरब्यातली लेन्स करजणच्या शर्यतीत

मी पंच्याऐंशीची लेन्स बोलतेय. पंच्याऐंशी हे माझं वय नाही, तेव्हा उगाच उठून मला खुर्ची देऊ नका. तो माझा आकडा आहे, पंच्याऐंशी मिलिमीटर. फोटोवाल्यांच्या घरात आम्हाला अशा आकड्यांनीच हाक मारतात. मी आखूड आहे, जाडजूड आहे आणि तोंडावर मोठी वाटोळी काच आहे. दिसायला मी बरी आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. लोक माझ्यातून बघतात, माझ्याकडे बघत नाहीत.

माझा जन्म जपानातला. तिथलं आता फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेली शांत माणसं होती आणि माझ्या काचेवर कुणी श्वाससुद्धा सोडत नसे, एवढंच लक्षात आहे. मग मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट बडोद्यात, लहरीपुऱ्यातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात. बाहेर रिक्षांचे हॉर्न, चणिया-चोळी विकणाऱ्यांची ओरड, आणि काउंटरवर मालक कुशलभाई सेव-उसळ खाता खाता मला गिऱ्हाइकाला दाखवत होते. माझ्या काचेवरचा पहिला डाग सेव-उसळीच्या रश्श्याचा आहे. त्यांनी तो लगेच पुसला, पण शर्टाच्या टोकानं पुसला.

ते गिऱ्हाईक म्हणजे मल्हारराव. समा भागात राहतात, लग्नाचे फोटो काढतात. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते म्हणे. घरात त्या काळातलं आता काही उरलेलं नाही, फक्त हुकूम सोडायची सवय उरली आहे. लग्नात तिचा फार उपयोग होतो. नवरदेवाच्या मामाला “बाजूला सरका” म्हणायला पलटणीतलंच रक्त लागतं.

मल्हाररावांनी मला चेहरे दाखवले. मी त्याचसाठी घडलेली. चेहरा लख्ख, मागचं सगळं मऊ आणि धूसर, हे माझं काम. मुंडावळ्यांमागचे किती डोळे मी पाहिले असतील. कॅमेरा समोर आला की पोट आत घेणारे काका पाहिले, “माझा नका हो काढू” म्हणत पदर नीट करणाऱ्या आत्या पाहिल्या. मुलीचा बाप दिवसभर जेवणाच्या पंगतीवर ओरडत असतो आणि मधेच एकदा, कुणाचं लक्ष नाही असं वाटून, मुलीकडे बघतो. तो क्षण मल्हारराव कधी सोडत नसत. मला माझा अभिमान होता तो अशा फोटोंमुळे.

माझ्यात एक खोट आहे, ती सगळ्या बडोद्याला माहीत आहे. मी सावकाश आहे. माझ्या पोटातली काच जड, ती पुढे-मागे सरकून नजर बसेपर्यंत वेळ जातो. बोहल्यावरची नवरी कुठे पळून जात नाही, म्हणून लग्नात चालून गेलं.

मग मल्हाररावांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. लग्नात खुर्ची टाकून बसता येतं, पण नवरात्रात मैदानावर उभं राहणं त्यांना जमेना. तेव्हा त्यांनी गरब्याच्या कामाला त्यांची पुतणी शलाका हिला पाठवायला सुरुवात केली आणि बरोबर मला दिलं. दिलं म्हणजे वापरायला दिलं. मालकी काकांचीच. शलाका रोज काम झाल्यावर मला काकांच्या कपाटात परत ठेवायची आणि फोटोंवर नावही काकांच्या स्टुडिओचंच पडायचं.

बडोद्याचा गरबा तुम्हाला सांगायला नको. एवढं मोठं मैदान आणि त्यात कड्यामागे कडं करून फिरणारी माणसं. शलाका उंचीनं बेताची. पहिल्या वर्षी तिला समोर फक्त पाठी दिसायच्या. चेहरा दिसला की मी नजर बसवायला घ्यायची, तोवर तो चेहरा पुढे निघून गेलेला असायचा. ती कंटाळून खाली बसली. आणि बसल्यावर तिला पाय दिसले.

अनवाणी पाय. आमच्याकडे बरेच जण चपला काढून खेळतात. आळता लावलेले, पैंजण घातलेले, टाचा फुटलेले, मातीनं माखलेले, घेरदार घागऱ्याखालून क्षणभर दिसून गेलेले. शलाकानं मला जमिनीला टेकवलं आणि पायांकडे वळवलं. खरं सांगते, मला फार राग आला. जन्मभर नवरा-नवरीचे चेहरे पाहिलेल्या माझ्यावर ही वेळ यावी, आणि तीही नाकातोंडात धूळ जात असताना.

पण पोरीला एक गोष्ट कळली होती. गरबा गोल फिरतो. जो पुढे गेला तो परत येणार. त्याच्यामागे धावायचं कारण नाही. तिनं जमिनीवर पडलेलं एक झेंडूचं फूल हेरलं, माझी नजर त्या फुलावर बसवली, माझं आपोआप नजर शोधणं बंद करून टाकलं आणि ती वाट पाहत बसली. टाळी पडायच्या किंचित आधी बोट दाबायचं. टाळीबरोबर पाऊल बरोबर त्या फुलापाशी पडायचं. माझ्या सावकाशपणाचा प्रश्नच मिटला, कारण मला आता शोधायचंच काही नव्हतं.

ते फोटो गाजले. बायका नुसते पाय बघून “ही मी” म्हणून ओळखायच्या. मल्हाररावांनी मात्र नाक मुरडलं. “पायांचे फोटो काढायला एवढी चांगली लेन्स कशाला?” म्हणाले. मनातल्या मनात मी त्यांच्याच बाजूची होते.

याच फोटोंमुळे यंदा दिवाळीनंतर हार्दिक घरी आला. हार्दिक आणि त्याचे मित्र रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती भरवतात. गाडी हातभरही लांब नसते, पण मोटरसायकलच्या वेगानं पळते, मातीच्या चढावरून उडी मारते, उलटते, पुन्हा पळते. मोठमोठे नोकरीवाले लोक रविवारी मचाणावर ओळीनं उभे राहून हातातला रिमोट दाबत या गाड्या पळवतात आणि हरल्यावर घरी बोलत नाहीत. करजणच्या अलीकडे, हायवेला लागून, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांचा ट्रॅक आहे. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, झालं की तिथे मोठी शर्यत होणार होती आणि तिला फोटोग्राफर हवा होता.

हार्दिकनं आपलं दुखणं सांगितलं. आजवर चार जणांनी फोटो काढून दिले, सगळ्यांत गाडी खेळणं वाटते. घरचे ते फोटो बघून हसतात. त्याला असा फोटो हवा होता की बघणाऱ्याला ती खरीखुरी गाडी वाटावी. येत्या रविवारी छोट्या शर्यती होत्या. तिथे शलाकानं असा एक फोटो काढून दाखवला तर मोठ्या शर्यतीचं काम तिचं, नाहीतर ते अहमदाबादहून माणूस बोलावणार. आणि काम शलाकाच्या नावानं, स्टुडिओच्या नाही, हे तो दोनदा बोलला, कारण मल्हारराव तिथेच बसले होते.

शलाकाचे डोळे मी त्या वेळी पाहिले. काकांच्या हाताखाली तिला बरीच वर्षं झाली आहेत. स्वतःच्या नावाचं काम तिला कुणी देऊ केलं ते हे पहिलं.

मल्हारराव हट्टी असले तरी कोत्या मनाचे नाहीत. “घे काम,” ते म्हणाले. “पण हत्यार योग्य पाहिजे. पळणाऱ्या गाडीला पंच्याऐंशी चालायची नाही.” आणि दुसऱ्याच दिवशी तिघं लहरीपुऱ्यात कुशलभाईंच्या दुकानात गेलो. तिघं म्हणजे काका, पुतणी आणि पिशवीत मी. मला कशाला आणलंय ते मला ठाऊक नव्हतं.

लेन्स निवडायला आलेली माणसं मी त्या काउंटरवरून पुष्कळ पाहिली होती. सगळ्यांची तऱ्हा एकच. आधी म्हणतात साधीच हवी, मग सगळ्यात लांब दिसेल तिच्यावर नजर जाते. कुशलभाईंनी कपाटातून जी काढली ती दीडशे ते सहाशेची झूम. दुधी भोपळ्याएवढी लांब. गरकन फिरवली की आणखी लांब व्हायची. “बेन, फास्ट गाडी माटे तो झूम ज जोईए,” पळत्या गाडीला झूमच हवी, असं म्हणून त्यांनी ती शलाकाच्या हातात ठेवली. तिनं ती दाराबाहेर रोखली तर समोरच्या दुकानातल्या माणसाच्या शर्टाची बटणं दिसली. मल्हाररावांनी तोंडात बोट घातलं.

मग ठरलं ते असं. रविवारी झूम वापरून बघायची. काम मिळालं की सोमवारी ती घ्यायची आणि बदल्यात मला दुकानात ठेवायचं. शलाकाला मधे पडायचा हक्क नव्हता, कारण मी काकांची होते. काकांनी मला कुशलभाईंपुढे ठेवलं आणि म्हणाले, “ही तशीही पायच बघते हल्ली.”

म्हणजे शलाका जिंकली की मी गेले. पण ती हरावी असं मनात आणायचीही मला लाज वाटली. इतकी धूळ मी तिच्याबरोबर खाल्लेली आहे.

रविवारी करजणला निघालो तेव्हा पिशवीत मी खालच्या कोपऱ्यात होते आणि माझ्या डोक्यावर झूम. सवत घरात आल्यावर काय होतं ते मला त्या प्रवासात कळलं. ती बिचारी एक शब्द बोलली नाही, नुसती जड होती.

ट्रॅकवर माती, गाड्यांच्या मोटरींचा किणकिणाट, मचाणावर रिमोटवाले आणि कडेनं खुर्च्या टाकून त्यांच्या घरची मंडळी. मल्हाररावांनी सावलीतली खुर्ची पकडली आणि तिथून हुकूम सोडायला सुरुवात केली. शलाका झूम लावून कडेला उभी राहिली. मी पिशवीच्या उघड्या तोंडातून सगळं बघत होते.

झूम वाईट नव्हती, हे मला कबूल करावं लागेल. पण सहाशेतून दिसतो तो एवढासा तुकडा. त्या तुकड्यात एवढीशी गाडी शोधायची, ती पळतेय सशाच्या वेगानं आणि वळतेय कुठेही. शलाका उजवीकडे वळेपर्यंत गाडी डावीकडे गेलेली. सापडलीच तर झूमची नजर गाडीऐवजी मागच्या कुंपणावर बसायची. एका फोटोत नुसती माती आली, एका फोटोत कुणाचा तरी बूट. ज्यात गाडी नीट आली, त्यात ती वरून पाहिल्यामुळे खेळण्यातलीच दिसत होती. हार्दिक मधे एकदा येऊन पडद्यावर बघून गेला. वाईट बोलला नाही. “बघ ने, अजून दुपार आहे,” एवढंच म्हणाला.

जेवायच्या वेळेला शलाका काकांजवळ मातीत बसली. ठेपला हातात तसाच होता. शेवटची शर्यत तेवढी उरली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला मुलीच्या बापाचा तो लग्नातला चेहरा दिसला. मल्हारराव म्हणाले की आणखी मागे जाऊन उभी राहा, म्हणजे गाडी सापडेल. ती हो म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं.

ट्रॅकवर कुणीतरी एकटाच सराव करत होता. गाडी चढावर यायची, मोटरचा आवाज क्षणभर बंद पडायचा, धप्पकन माती उडायची, आणि आवाज पुन्हा दूर जायचा. परत यायचा. परत तेच. शलाका ठेपला चावायची थांबली. तिचा मोकळा हात मांडीवर पडू लागला. आवाज बंद झाला की थाप, आवाज बंद झाला की थाप.

“काका,” ती म्हणाली, “हा तर गरबा आहे.”

मल्हाररावांना काही समजलं नाही. मला समजलं. तिनं झूम काढली, पिशवीत ठेवली आणि मला उचललं. तिचे हात ठेपल्याच्या तेलानं माखलेले होते, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

दुपार सरता सरता शेवटची शर्यत सुरू झाली तेव्हा शलाका चढापलीकडे, जिथे गाड्या उडी मारून खाली येतात तिथे, ट्रॅकच्या बाहेर मातीत पालथी झोपली होती. माझी नजर तिनं एका खड्यावर बसवली. आपोआप नजर शोधणं बंद. आवाज थांबायच्या किंचित आधी बोट. सगळं बरोबर होतं, आणि तरी प्रत्येक फोटोत गाडीचं फक्त शेपूट येत होतं.

एकदा, दोनदा, पुन्हा. मग तिच्या लक्षात आलं. मैदानाबाहेर बसलं की गरबा डाव्या हाताकडून येतो. सगळं बडोदं त्याच दिशेनं फिरतं. इतक्या नवरात्री तिचं बोट, खांदा, मान, सगळं डावीकडे कान देऊन तयार झालेलं. आणि या गाड्या उलट्या दिशेनं, उजवीकडून येत होत्या. डोक्याला माहीत होतं, बोटाला नव्हतं. बोटाला नवी सवय लावायला वेळ कुठे होता?

ती उठली आणि मला छातीशी धरून हार्दिककडे पळत गेली. तिला ट्रॅकच्या आत जायचं होतं. आतून बघितलं की त्याच गाड्या डावीकडून येणार. आत उलटलेल्या गाड्या सरळ करणारी दोन माणसं सोडून कुणाला जाऊ देत नाहीत, कारण गाडी अंगावर आली तर हाड मोडायचं. हार्दिक घुटमळला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “जाऊ दे तिला आत. मी तिचा काका आहे.” पलटणीतलाच आवाज होता तो. हार्दिकनं नकळत मान हलवली.

आत, मातीत, पुन्हा पालथी. उन्हं कलली होती. अशा उजेडात झूम डोळे किलकिले करते, माझं तोंड मोठं, मी सगळा उजेड आत घेते. शलाकानं मला इतकं खाली टेकवलं की माझ्या आणि मातीच्या मधे तिची करंगळी तेवढी होती. मी खड्याकडे बघत राहिले. आवाज डावीकडून आला. वाढला. तुटायच्या बेतात आला आणि तिचं बोट हललं.

लाल गाडी हवेतून माझ्या समोर उतरली. चारही चाकं मातीच्या वर, पुढचं टोक किंचित खाली, मागे धुळीचा सोनेरी पडदा आणि त्यामागे धूसर झालेलं मचाण. खालून बघताना ती डोंगरावरून उडी घेतलेल्या मोठ्या गाडीसारखी दिसत होती. पुढच्या क्षणी चाकं जमिनीला लागली, एक खडा उडाला आणि फट्दिशी माझ्या काचेच्या कडेला बसला. टवका गेला. दुखलं, पण मी त्या वेळी फोटोकडे बघत होते.

संध्याकाळी हार्दिकनं तो फोटो पाहिला. मग त्यानं लाल गाडीच्या मालकाला हाक मारली. ते एका कंपनीतले मोठे साहेब. त्यांनी फोटो पाहिला, आपल्या गाडीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि बायकोला बोलावून आणलं. “बघ,” ते तिला म्हणाले, “हे करतो मी रविवारी.” बाई या वेळी हसल्या नाहीत. हार्दिकनं शलाकाला उत्तरायणानंतरची तारीख सांगितली आणि मोठ्या शर्यतीच्या बॅनरवर फोटोखाली नाव कसं लिहायचं ते विचारलं.

मला इतका आनंद झाला की टवक्याचा विसर पडला. तो आठवला सोमवारी सकाळी, पिशवी लहरीपुऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा. काम मिळालं होतं. ठरल्याप्रमाणे माझी वेळ आली होती.

कुशलभाईंच्या काउंटरवर शलाकानं आधी झूम ठेवली, मग मला. त्यांनी मला उचलून उजेडात फिरवलं आणि त्यांचं बोट टवक्यावर थांबलं. ते चुकचुकले. “काच तूटेलो छे. आ हवे एक्सचेंजमां नहीं चाले,” असं ते मल्हाररावांना म्हणाले, कारण इतकी वर्षं व्यवहार त्यांच्याशीच होता. आता मला दुकानही ठेवून घेणार नव्हतं. अशा लेन्सचं पुढे काय होतं ते मी त्याच दुकानाच्या खालच्या फडताळात पाहिलेलं आहे.

“एक्सचेंज करायला आलेच नाही मी,” शलाका म्हणाली. “झूम परत घ्या. हिच्या तोंडावर लावायला फिल्टर द्या, चांगल्यातला. पुन्हा खडा लागला तर काच वाचली पाहिजे.”

कुशलभाईंचा तिच्यावर विश्वास बसेना. त्यांनी मल्हाररावांकडे पाहिलं आणि काय करायचं ते त्यांना विचारलं.

मल्हाररावांनी मला हातात घेतलं. अंगठ्यानं टवका चाचपला. मग त्यांनी मला शलाकाच्या हातात ठेवलं आणि आपला हात मागे घेतला.

“मला काय विचारता, कुशलभाई,” ते म्हणाले. “लेन्स तिची आहे.”

तेव्हापासून मी काकांच्या कपाटात जात नाही, शलाकाच्या टेबलावर असते. उत्तरायण झालं, मोठी शर्यत झाली, तीत मी मनसोक्त धूळ खाल्ली. टवका फोटोत दिसत नाही, मी सावकाश आहे ते आहेच. कधी लांबचं काढायचं असेल तर शलाका झूम भाड्यानं आणते. ती आली की मी पिशवीत सरकून तिला जागा देते, आणि आता तीही माझ्याशी बोलते. तुम्हाला माझं मागणं एवढंच, तुम्ही लेन्स घ्यायला जाल तेव्हा आधी घरच्या कपाटात बघा. तिथे आमच्यातली एखादी असेल तर तिला बाहेर काढा आणि मऊ फडक्यानं पुसा. बरं, आता मला निघू द्या. बाहेर शलाका कुणालातरी सांगतेय, “थांब, माझी पंच्याऐंशी घेऊन येते.”